एकच रिव्हॉल्व्हर, दोन्ही कामं
अमेरिकेत शिकारीला रायफलसोबत बॅकअप म्हणून एक आणि रोज कमरेला लावायला दुसरी, अशा दोन हँडगन घ्यायची खरं तर गरज नाही, ३ इंची बॅरलची (नळीची) .३५७ मॅग्नम या जोरदार गोळीची रिव्हॉल्व्हर घ्या, तिच्यात .३८ स्पेशल या थोड्या आखूड आणि कमी जोराच्या गोळ्याही चालतात. सराव .३८ वर करायचा म्हणजे धक्का कमी बसतो आणि हात तयार होतो, जंगलात जाताना .३५७ भरायच्या. फक्त .३८ बऱ्याच झाडल्या की सिलिंडरच्या भोकांत काजळीची रिंग धरते नि लांब .३५७ नीट आत जात नाही, ब्रशने घासून काढा. थंडीत शिकार करणार असाल तर दुकानातच, रिकाम्या गनवर, हातमोजा घालून बोट ट्रिगर गार्डमध्ये (ट्रिगरभोवतीच्या कडीत) जातंय का बघा.

उलटं मात्र कधीच नाही, .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३५७ घालायची नाही. कॅरीचे (गन जवळ बाळगण्याचे) आणि शिकारीचे नियम राज्याराज्यात वेगळे, ते आधी बघा.