गेमच्या कथेतले प्लॉट होल समजावताना या चुका टाळा

फँटसी आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) संपवून कुणी उठलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पण मग तेव्हा त्यानं असं का नाही केलं?" आणि पुण्यात असा प्रश्न निघाला की उत्तर द्यायला चार जण लगेच पुढे येतात. मला हे मनापासून आवडतं. ज्या कथेवर माणसं भांडतात, ती कथा त्यांच्यात खोल उतरलेली असते. प्लॉट होल म्हणजे कथेनं स्वतःच सांगितलेली एक गोष्ट तिच्याच दुसऱ्या गोष्टीनं खोटी पडणं. पण यातली बरीच उत्तरं चुकीच्या जागी ठिगळ लावतात. होल एकीकडे असतो आणि स्पष्टीकरण दुसरीकडेच चाललेलं असतं. कधी होल नसतोच, तरी त्याची दुरुस्ती होते. खरा होल असतो तिथे मात्र "जादू आहे रे ती" म्हणून विषय मिटवला जातो.

पुढे फायनल फँटसी ७ आणि १५, ड्रॅगन एज २, बाल्डर्स गेट ३ आणि फॉलआउट ३ यांतलं बरंच काही उघड होणार आहे. यातलं खेळायचं राहिलं असेल तर आधी खेळून घ्या.

लढाईचा नियम सरसकट कथेला लावणं

१९९७ च्या फायनल फँटसी ७ मध्ये खलनायक सेफिरॉथ नायकाच्या सोबतीण एरिथला मारतो. तेव्हापासून प्रश्न तोच आहे: बॅगेत फीनिक्स डाउन (पडलेल्या पात्राला उठवणारी वस्तू) पडलेले असताना एकही तिच्यावर का वापरला नाही? यावरचं नेहमीचं उत्तर असं, की लढाईत एचपी (जीवनशक्तीचे गुण) शून्य होणं म्हणजे पात्र आडवं पडणं, खरं मरण नव्हे. उत्तर बरोबर आहे, पण अर्धं आहे. याच मालिकेच्या पाचव्या भागात, १९९२ मध्ये, गालुफ मरतो तेव्हा त्याचे सोबती त्याच्यावर उपचाराचे मंत्र टाकतात, फीनिक्स डाउनसुद्धा वापरून बघतात, आणि काहीच चालत नाही. म्हणजे खेळाडू काय विचारणार हे त्या भागाच्या लेखकांनी ओळखलं होतं आणि उत्तर थेट प्रसंगात घातलं होतं. सातव्या भागात तसं केलेलं नाही. तेव्हा एरिथच्या बाबतीत प्रामाणिक उत्तर एवढंच, की लढाईतलं उठणं आणि कथेतलं मरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक गेमनं तोंडानं सांगितलेला नाही. याला ढिलाई म्हणा हवं तर. होल नाही.

आता हेच उत्तर उचलून बाल्डर्स गेट ३ ला लावलं की फसगत होते. तिथे मेलेल्याला उठवणं हा कथेचाच भाग आहे. तळावर विदर्स नावाचा एक जण उभा असतो आणि २०० सोन्याची नाणी घेऊन मेलेला सोबती परत आणतो. रिव्हिव्हिफाय या मेलेल्याला उठवणाऱ्या मंत्राच्या गुंडाळ्या बाजारात विकत मिळतात. अशा जगात "मग या बिचाऱ्याला का नाही उठवलं?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला "तो फक्त गेमप्ले आहे" हे उत्तर चालत नाही. तिथे ज्या टेबलटॉप (टेबलाभोवती बसून खेळायच्या गेमच्या) नियमांवर गेम उभा आहे, त्यांच्याकडे जावं लागतं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत रिव्हिव्हिफाय मरणानंतर एका मिनिटाच्या आतच चालतो आणि ३०० नाण्यांच्या किमतीचे हिरे त्यात खर्ची पडतात. रेज डेड या मोठ्या मंत्राला तर मेलेल्याचा आत्मा मोकळा असावा लागतो आणि त्याची परत यायची तयारीही लागते. इतक्या अटी म्हटल्यावर गावातला गरीब माणूस मेला तर मेलाच, हे पटतं. मात्र गेममध्ये हिऱ्यांचा खर्च काढून टाकलेला आहे, हेही त्याच दमात सांगायला हवं. ते लपवून दिलेलं स्पष्टीकरण पुढच्याच प्रश्नाला कोसळतं.

कोण बोलतंय हे न बघणं

माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

फायनल फँटसी ७ मध्ये काल्म गावी नायक क्लाउड आपल्या सोबत्यांना पाच वर्षांपूर्वीची निबेलहाइमची हकीकत सांगतो. आपण तेव्हा सोल्जर या निवडक लढवय्यांच्या दलात होतो, सेफिरॉथबरोबर मोहिमेवर होतो, असं त्याचं म्हणणं. पुढे एकेक तपशील जुळेनासा होतो आणि खेळाडू म्हणतो, लेखक विसरले. लेखक काहीच विसरलेले नाहीत. सोबत्यांपैकी टीफा त्या वेळी गावातच होती आणि क्लाउड बोलत असताना ती कशी गप्प आणि अस्वस्थ असते ते पुन्हा जाऊन बघा. त्या मोहिमेवर सेफिरॉथबरोबर होता तो झॅक. क्लाउड साधा शिपाई होता. विसंगती मुद्दाम पेरलेली आहे, आणि तिचा उलगडा हाच कथेचा कणा आहे.

ड्रॅगन एज २ (२०११) मध्ये तर सगळी कथाच नायकाचा सोबती व्हॅरिक सांगतोय. कॅसांड्रा त्याची उलटतपासणी घेतेय आणि सुरुवातीलाच त्यानं तिखटमीठ लावलेलं तिच्या लक्षात येतं. त्यामुळे या गेममधला कुठलाही प्रश्न "व्हॅरिक थापा मारतो" असं म्हणून उडवून लावायची सवय लागते. ही सवय धोक्याची आहे. लेलियाना या पात्राचं उदाहरण घ्या. पहिल्या भागात, म्हणजे २००९ च्या ओरिजिन्समध्ये, पवित्र अस्थी भ्रष्ट केल्यात तर लेलियाना तुमच्याविरुद्ध उभी राहते आणि तुमच्याच हातून मरू शकते. तरी दुसऱ्या भागात ती जिवंत दिसते. व्हॅरिकची थाप? नाही. ती शेवटी कॅसांड्राबरोबर दिसते तो प्रसंग व्हॅरिकच्या गोष्टीच्या बाहेरचा आहे, उलटतपासणी संपल्यावरचा. निवेदकाकडे बोट दाखवायचं असेल तर तो प्रसंग त्याच्याच तोंडून आलाय ना, एवढं तरी तपासा. २०१४ च्या इन्क्विझिशनमध्ये लेखकांनी लेलियानाच्या त्या मरणाला कथेत जागा करून दिली, पण ती मागाहून केलेली डागडुजी आहे. २०११ मध्ये तो होल होताच.

तुम्ही काय निवडलंत, हे न विचारता वाद घालणं

टिळक रोडवरच्या एका अमृततुल्यात आमच्या कंपूत यावरून चांगलीच जुंपली होती. एक जण सांगत होता की बाल्डर्स गेट ३ च्या ग्रिमफोर्जमधला नीअर ढिगाऱ्याआड अडकून मेला, आणि पुढे लोक त्याच्याबद्दल बोलतात त्याला अर्थच नाही. मैत्रीण म्हणाली, "मेला कसा? मी स्वतः त्याच्याशी लढलेय." दोघांचंही खरं होतं. नीअर विषारी वाफेत अडकलेला असतो. त्याला बाहेर काढायच्या आधी तुम्ही तळावर जाऊन फार वेळा लांब विश्रांती घेतली तर तो आतच मरतो. एकानं झोपा काढल्या होत्या, दुसरीनं आधी ढिगारा फोडला होता. दोन चहा होईपर्यंत हा साधा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

गेम तुमची निवड खुणांच्या रूपात लक्षात ठेवतो: अमुक मेला, होय की नाही; तमुक भेटला, होय की नाही. संवाद सुरू होण्याआधी या खुणा तपासल्या जातात. शेकडो खुणांच्या हजारो जोड्या होतात आणि एखादी जोडी लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. मग मेलेल्या माणसाला कुणीतरी नमस्कार सांगतं. हा बग असतो, प्लॉट होल नसतो, आणि ओळखायची रीत सोपी आहे. प्रसंगाच्या आधीची सेव्ह उघडा, मॉड (चाहत्यांनी केलेले बदल) बंद करा, गेम ताज्या पॅचवर (दुरुस्तीच्या अपडेटवर) आणा आणि पुन्हा बघा. मग एकच निवड बदलून परत बघा. विसंगती फक्त एकाच वाटेवर दिसत असेल तर ती बहुतेक खुणेची चूक असते. सगळ्या वाटांवर दिसली तरच कथेकडे वळा.

कुठली आवृत्ती, हे न सांगणं

आपल्या शहरात या कामाचा मोठा वस्तुपाठ आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि १९६६ मध्ये पूर्ण केली. वि. स. सुकथनकर यांनी घालून दिलेल्या पद्धतीनं बाराशेहून जास्त हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. पुराव्यानं टिकलेला पाठ वर राहिला. मागाहून शिरलेले वाटले ते श्लोक फेकून दिले नाहीत, ते तळटीपांत आणि परिशिष्टांत गेले. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय, ही घराघरात ठाऊक असलेली गोष्टसुद्धा मुख्य पाठात नाही, परिशिष्टात आहे. म्हणून ती कुणी खोटी ठरवली नाही. ती कुठल्या थरातली, एवढं नोंदवलं.

गेमच्या कथेलाही असेच थर असतात. फायनल फँटसी १५ (२०१६) मध्ये ग्लॅडिओलस मध्येच टोळी सोडून जातो आणि काही काळानं चेहऱ्यावर नवा व्रण घेऊन परततो. कुठे गेला होता? मूळ गेम धड सांगत नाही. मार्च २०१७ मध्ये आलेल्या एपिसोड ग्लॅडिओलस या डीएलसीत (मागाहून वेगळ्या येणाऱ्या जादा भागात) ते कळतं. त्याच महिन्यात तेराव्या प्रकरणात पॅचनं नवा मार्गही घातला गेला. आता "यात होल आहे" म्हणणारा २०१६ ची डिस्क खेळलेला असेल आणि "नाही" म्हणणारा सगळ्या डीएलसीसकट खेळलेला असेल, तर वाद कधीच मिटणार नाही. पॅच आणि डीएलसी कुठपर्यंतचे, हे पहिल्या वाक्यात सांगा. उत्तर विकत घ्याव्या लागणाऱ्या भागात असेल तर तेही सांगा. मूळ गेम घेतलेल्याची तक्रार त्यानं खोटी ठरत नाही.

आपलं अनुमान गेमच्या तोंडी घालणं

एल्डर स्क्रोल्स या गेममालिकेच्या चाहत्यांचा आवडता प्रश्न आहे सिरोडील या प्रांतातल्या जंगलाचा. १९९८ च्या रेडगार्डबरोबर आलेल्या पुस्तिकेत सिरोडील म्हणजे अफाट घनदाट जंगल. २००६ च्या ओब्लिव्हियनमध्ये तिथे हिरवी कुरणं आणि थंड हवेची झाडी. पटकन उत्तर येतं: देव झालेला सम्राट टायबर सेप्टिम यानं देवत्वाच्या बळावर जंगल पालटून टाकलं. कानाला छान वाटतं. पण ओब्लिव्हियनमध्ये याची खूण कुठे आहे? एका विध्वंसक पंथाच्या म्होरक्यानं लिहिलेल्या, गूढ भाषेतल्या पुस्तकात. म्हणजे हे गेमनं दाखवलेलं नाही, गेममधला एक जण म्हणतो. आणि जुनी पुस्तिका तरी कुणाची? तीही त्या जगातल्या साम्राज्याच्या बाजूनं लिहिलेली.

म्हणून बोलताना तीन पायऱ्या वेगळ्या ठेवा: "गेममध्ये दिसतं", "गेममध्ये अमका म्हणतो", "मला वाटतं". तिसरी पायरी कमी दर्जाची मुळीच नाही. कित्येकदा तीच सगळ्यात सुंदर असते. फक्त तिला पहिलीचं लेबल लावू नका, कारण ऐकणारा तेच पुढे दहा जणांना सांगतो.

अर्ध्या खेळावरून निकाल, आणि न दिलेल्या उत्तराला होल म्हणणं

बाल्डर्स गेट ३ च्या पहिल्या अंकात सगळे घाबरलेले असतात: डोक्यात अळी आहे, काही दिवसांत माइंड फ्लेअर हा राक्षस होणार. खेळाडू मात्र वाटेल तितक्या रात्री झोपतो आणि कुणाला काही होत नाही. "होल!" थांबा, पुढे खेळा. आपल्याजवळच्या त्या गूढ वस्तूमुळे रूपांतर रोखलं गेलंय, हे कथाच सांगते.

पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी (२०२०) हा आरपीजी नाही, ॲक्शन-अ‍ॅडव्हेंचर आहे, पण त्याच्याबद्दलही हीच गल्लत ऐकू येते. त्याचा शेवट अचानक येतो आणि बरंच काही लटकत राहतं. त्यावर नाराज व्हायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण मोकळा सोडलेला धागा वेगळा आणि आधीच्या गाठीशी भांडणारा धागा वेगळा. होल म्हणायचं तर कथेनं स्वतःच सांगितलेली एक गोष्ट तिच्याच दुसऱ्या गोष्टीनं खोटी पडलेली दाखवता आली पाहिजे.

खरा होल मान्य न करणं

"फँटसी आहे, काहीही होऊ शकतं" हे वाक्य लेखकांचाच अपमान करतं. चांगल्या फँटसीत काहीही होत नाही. तिच्या जादूला किंमत असते, मर्यादा असतात, आणि म्हणून तर आपण जीव मुठीत धरून खेळतो.

खरा होल कसा दिसतो याचा नमुना फँटसीबाहेरचा आहे, फॉलआउट ३ चा. २००८ मध्ये गेम आला तेव्हा शेवटी किरणोत्सर्गानं भरलेल्या खोलीत कुणीतरी जाऊन यंत्र सुरू करायचं असतं, आणि जाणारा मरणार हे ठरलेलं. तुमच्या शेजारी फॉक्स हा म्यूटंट सोबती उभा असू शकतो. त्याला किरणोत्सर्ग बाधत नाही. इतकंच नाही, आधी एकदा तशाच खोलीत जाऊन त्यानं तुमच्यासाठी वस्तू आणून दिलेली असते. त्याला सांगून बघा, तर तो नकार देतो: हे तुझं नशीब आहे म्हणतो. इथे निवेदक खोटं बोलत नाही, बग नाही, कुठलीही वाट धरा, उत्तर तेच. लेखकांना नायकाचं बलिदान हवं होतं आणि त्यासाठी त्यांनी आपलाच नियम मोडला. याला कुठलंही स्पष्टीकरण शोधत बसू नका. २००९ च्या ब्रोकन स्टील या डीएलसीनंतर फॉक्सला आत पाठवता येतं. शेवटचं निवेदन मात्र तसं केल्याबद्दल तुम्हालाच बोल लावतं, तेव्हा हा होल अर्धाच बुजलाय, असंच कुणी विचारलं तर सांगा.