परसातला जुना खुंट काढून भाजीचा वाफा करताना

पहिल्यांदा परसबाग करणारी माणसं खुंट दिसला की थेट त्याच्या बुडात पहार घालून जोर लावतात. तास जातो, हाताला फोड येतात, खुंट हलत नाही. त्याला धरून ठेवतात ती बाजूची मुळं. ती एकेक करून तोडली की उरलेलं काम सोपं होतं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, खुंटाच्या मागे लागू नका, मुळांच्या मागे लागा.

आधी झाड कुठलं होतं ते विचारून घ्या. आमच्या रत्नागिरीकडच्या परसांत माड आणि सुबाभूळ हे दोन खुंट हमखास भेटतात आणि दोघांची तऱ्हा अगदी वेगळी. माडाला सोटमूळ नसतं. बुंध्यातून बोटाएवढी, तांबूस मुळं हजारोंनी सुटलेली असतात. भोवती दीड-दोन फुटांवर चर खणून कुऱ्हाडीने ती कापत गेलं की बुंधा डुलायला लागतो. सुबाभळीचं सोटमूळ खोल जातं, ते सगळं उपसायच्या भानगडीत पडू नये. पण जमिनीलगत कापून सोडलीत तर पावसात फुटव्यांचं रान माजेल. खोड आणि मूळ जिथे मिळतात त्याच्या खाली वीतभर तरी जाऊन तोडा. त्याखालचं मूळ मातीत कुजू द्या.

जुना आंबा-फणसाचा दोन हात रुंद खुंट असेल तर हौसेने हात घालू नका. त्यात गिरमिटाने खोल भोकं पाडा, शेणकाला ओता, वर माती टाकून ओल धरा आणि वाफा दुसरीकडे करा. कुजायला काही वर्षं लागतील, लागू देत. डिझेल, ॲसिड, मीठ यातलं काही ओतू नका. ज्या मातीत भाजी करायची तिलाच ते मारतं. आणि शहरात राहत असाल, झाड अजून जिवंत उभं असेल, तर महाराष्ट्रात 1975 च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे आधी परवानगी काढावी लागते.

कामाला वेळ नवरात्र सरल्यावरची. मे महिन्यात जांभ्याची माती पहारीला दाद देत नाही आणि भर पावसात खड्ड्यात पाणी साचतं. ऑक्टोबरात खाली ओल असते, वर ऊन असतं. माती सुकली असेल तर आदल्या संध्याकाळी खुंटाभोवती आळं करून पाणी भरा. पाण्याची पाइप, सेप्टिक टँक कुठून जातो ते घरातल्या जाणत्या माणसाला विचारून घ्या. पायात गमबूट हवेतच. खुंटाभोवतीचा पाला हाताने उपसू नका, काठीने ओढा. आमच्याकडे फुरसं अशाच जागी बसलेलं असतं.

चर खणताना मूळ लागलं की त्यावरची माती खराट्याने झाडा, तांब्याभर पाणी ओता आणि मगच करवत लावा. मातीतल्या खड्यांनी करवतीचे दात पार जातात. जाड मूळ दोन ठिकाणी कापून मधला तुकडा काढून टाका, म्हणजे कुऱ्हाड फिरवायला जागा होते. चारही बाजू मोकळ्या झाल्या की पहारीखाली जांभ्याच्या दगडाचा टेकू द्या आणि दाबा. कुठल्या बाजूला खुंट अडतोय ते हाताला कळतं. तिथे खाली एक मूळ राहिलेलं असतं.

माडाचा खुंट कुजका निघाला तर तो फोडून बघाच. आत अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, कोयरीसारख्या वळलेल्या अळ्या असतील तर त्या गेंड्या भुंग्याच्या. हाच भुंगा शेजारच्या उभ्या माडाचा कोवळा कोंब पोखरतो. अळ्या वेचून मारा, कुजके तुकडे वाळवून चुलीत घाला. तो खुंट परसाच्या कोपऱ्यात ढकलून ठेवणं म्हणजे आपल्याच माडांवर संकट ओढवून घेणं. शेणाच्या खड्ड्यातही त्या वाढतात, म्हणून वाफ्यात घालायचं शेणखत पसरून, चाळवून बघून घ्या.

आता खड्डा. त्यात लाकडाचे तुकडे, भुसा पुरू नका. लाकूड कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात. भुसा वर आच्छादन म्हणून चालेल. वरची काळसर माती वेगळी ठेवलेली असेल तर ती शेवटी वर येऊ द्या. खड्डा थराथराने भरा, प्रत्येक थर पायाने दाबा, पाणी द्या.

वाफा चार फुटांहून रुंद नको, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. लांबी दहा फूट पुरे, उंची वीतभर, कडेने दीड फुटाची वाट. उतार असेल तर वाफा उताराला आडवा घाला. लव्हाळा असेल तर त्याच्या जमिनीतल्या गाठी खणून वेचा. नुसता उपटलात तर गाठ खाली राहते आणि तो पुन्हा येतो. एवढ्या वाफ्याला तीन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड पुरते. कोकणातली माती आम्लधर्मी असते, पण डोळे मिटून चुना टाकू नका, माती तपासून घ्या आणि मग ठरवा.

पहिल्या वर्षी चवळी, वाल, लाल माठ लावा. मुळा, गाजर नको, मुळांचे उरलेले तुकडे आडवे येतात आणि मुळा वाकडा होतो. खुंटाच्या जागी माती खचेल, म्हणून दोन घमेली माती बाजूला राखून ठेवा आणि खळगा दिसला की भरा. सुबाभळीचा फुटवा दिसला तर कापू नका, बोटभर असतानाच बुडापासून खणून काढा.