पम्पकिन एल: भोपळ्याचा गाळ टाळायचा असेल तर

पम्पकिन एल म्हणजे भोपळा घालून केलेली बिअर. माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि त्याचा तयार अर्क म्हणजे माल्ट एक्स्ट्रॅक्ट. या एक्स्ट्रॅक्टच्या वर्टमध्ये (आंबवण्याआधीच्या गोड द्रवात) लाल भोपळ्याचा लगदा थेट टाकला की तळाशी जाड गाळ बसतो, बिअर गढूळ राहते आणि गाळाबरोबर बरीच बिअरही वाया जाते. एक्स्ट्रॅक्टमध्ये भोपळ्यातला स्टार्च फोडणारी एन्झाइम्स उरलेली नसतात, म्हणून थोड्या माल्टची मदत घ्या. प्रमाण २० लिटरसाठी.

१. दोन किलो भोपळ्याच्या फोडी १८० अंश सेल्सिअसला कडा तपकिरी होऊन रस चिकट होईपर्यंत भाजा. चव इथेच तयार होते, घाई नको.

२. भोपळा कुस्करून अर्धा किलो भरडलेल्या पेल (फिक्या रंगाच्या) माल्टबरोबर जाळीच्या पिशवीत सैल बांधा. पिशवी ठासून भरली तर आत पाणी खेळत नाही.

३. पाच-सहा लिटर पाण्यात ६५ ते ६८ अंशांवर तासभर ठेवा. ७५ च्या वर गेलात तर एन्झाइम्स लवकर मरतात, त्यामुळे थर्मामीटर हवाच.

४. पिशवी उचलून निथळू द्या. मग आच बंद करून एक्स्ट्रॅक्ट ढवळून विरघळवा, नाहीतर तळाला लागून करपतो. पुढे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) आणि उकळणे नेहमीसारखेच.

दालचिनी, जायफळ, सुंठ शेवटच्या पाच मिनिटांत, सगळे मिळून एक चमचा. लवंग मात्र चिमूटभरच. ती बाकी सगळ्यांना दाबून टाकते.

सावधान: हायड्रोमीटरचे (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचे) रीडिंग सलग तीन दिवस तेच येईपर्यंत बाटल्या भरू नका. आंबणे अर्धवट असेल तर बाटली फुटू शकते.