ड्रायर फिरत नाही: किनाऱ्यावर रिपेअरिंग शिकणाऱ्यांसाठी

गुहागर असो की वेंगुर्ला, सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन बरेचदा मागच्या पडवीत ठेवलेलं असतं. तिथे पावसाची झड येते, खारा वारा लागतो, आणि मशीनचा तळ तर उघडाच. म्हणून 'ड्रायर फिरत नाही' असं बोलावणं आलं की मोटर जळली असं धरून निघू नका. इथे मोटरीच्या आधी ब्रेक अडकतो.

आधी प्लग काढा. ड्रायरचं झाकण उघडं ठेवून त्याचा टब फिरवून बघाल तर तो घट्टच लागणार, कारण त्या वेळी ब्रेक लागलेला असतो. नवखी मुलं इथेच फसतात. मागचं कव्हर उघडा, ब्रेकची पट्टी हाताने ओढून धरा आणि मग टब फिरवा.

तरीही जड लागला तर ब्रेक ड्रमकडे नीट बघा. ड्रमवर तांबूस गंजाची भुकटी दिसली, तर वरून पाणी गळतंय. टबाखालचा रबरी बेलो, म्हणजे पाणी अडवणारं घडीदार सील, फाटला की पाणी शाफ्टवरून (टब फिरवणाऱ्या दांड्यावरून) थेट मोटरीच्या बेअरिंगमध्ये उतरतं. अशा वेळी नुसती मोटर बदलून पैसे घेणं बरोबर नाही; पुढच्या पावसात गिऱ्हाइकाची तीच तक्रार येणार. बेलो बदला, शाफ्ट पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा, बेलोच्या ओठाला वॉटरप्रूफ ग्रीस लावा. गंज नसेल तर ब्रेक वायर तपासा. ती ढिली पडली किंवा नळीत गंजून अडकली की झाकण बंद केल्यावरही ब्रेक पूर्ण सुटत नाही आणि टब रखडत फिरतो. वायर ताणून बसवल्यावर उलट बाजूही बघायची: चालू ड्रायरचं झाकण उघडल्यावर टब १५ सेकंदांच्या आत थांबला पाहिजे. टबाच्या फटीत मोजा किंवा हातरुमाल गेला तरी टब असाच रखडतो.

टब मोकळा आहे, मोटर नुसती गुणगुणते, हाताने ढकललं की वेग घेते, तर मोटरीला सुरुवातीचा जोर देणारा कॅपॅसिटर बघा. ड्रायरचा साधारण ४ ते ६ मायक्रोफॅरॅडचा असतो. जुन्यावर छापलेलीच किंमत घ्या. काढण्याआधी बल्ब लावलेल्या होल्डरच्या दोन वायरी टोकांना लावून तो डिस्चार्ज करा, म्हणजे त्यात साठलेली वीज उतरवा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. मोटर फिरते पण टब नाही, तर मोटर आणि टबाचा शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचा स्क्रू ढिला झालाय.

आवाजच नसेल तर टायमर, झाकणाचा स्विच आणि वायरी, या क्रमाने मीटर लावा. खाऱ्या हवेत स्विचच्या पत्त्या हिरव्या पडतात, आणि खालून शिरलेले उंदीर वायरी कुरतडतात. स्विच खराब निघाला तर नवाच बसवा. तो वगळून वायरी डायरेक्ट जोडून देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. आत टब मिनिटाला साधारण १३०० फेरे घेत असतो, आणि घरात लहान मुलं असतात.

मोटरीला दोष द्यायचाच तर वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची वेटोळी, मीटरने मोजून द्या. तीन वायरींपैकी एक कॉमन, म्हणजे दोन्ही वेटोळ्यांना सामाईक; उरलेल्या दोन टोकांमधलं रीडिंग हे कॉमनपासूनच्या दोन रीडिंगांच्या बेरजेइतकं आलं तर वाइंडिंग तुटलेलं नाही. बॉडीशी कंटिन्युइटी, म्हणजे विजेची जोडणी, मात्र अजिबात नको. मशीन चालू असताना व्होल्टेजही बघा. २३०च्या जागी १८० मिळत असतील तर चांगली मोटरही उचलत नाही.

आणि ड्रेन पाइप. पाणी माडाच्या आळ्यात सोडायला तो लांबवलेला असतो. या मशीनमध्ये पंप नसतो, पाणी उतारानेच जातं. वाटेत जोत्यावर किंवा दगडावर पाइप चढला की पाणी मागे तुंबतं आणि टब पाण्यातच फिरत राहतो. पाइप खाली घ्या, आळं दुसऱ्या बाजूने भरा.