बोर्डावर सहा प्रकरणं: लॉ प्रवेश परीक्षेतल्या कोड्याची आकृती कशी काढायची

अमेरिकेच्या एलसॅट या लॉ प्रवेश परीक्षेतून ऑगस्ट २०२४ मध्ये लॉजिक गेम्स, म्हणजे अटींवरून क्रम किंवा गट लावायची कोडी, गेली. आपल्याकडे क्रम लावायची कोडी अजून आहेत. नागपूरजवळच्या वारंग्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट ही सामाईक परीक्षा द्यावी लागते, तिथे भर उताऱ्यांवर. महाराष्ट्राची एमएच-सीईटी लॉ आणि दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची आयलेट या प्रवेश परीक्षांची तयारी करताना मात्र कोड्यांना बगल देता येत नाही. आयलेटमध्ये १५० प्रश्नांना १२० मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे ४८ सेकंद. अटी डोक्यात धरून ठेवल्या तर प्रत्येक प्रश्नाला त्या नव्याने वाचाव्या लागतात.

हे कोडं घ्या. कोर्टाच्या बोर्डावर सहा प्रकरणं आहेत: काटोल, सावनेर, रामटेक, उमरेड, मौदा, हिंगणा. मौदा तिसरं. काटोलनंतर लगेच सावनेर. रामटेक उमरेडच्या आधी. हिंगणा पहिलं असेल, तर उमरेड शेवटचं.

सहा रेघा मारा. आकडे रेघेखाली, अक्षरं रेघेवर. हे उगीच नाही: घाईत लिहिलेला र आणि २, उ आणि ३ सारखेच दिसतात. नावांची पहिली अक्षरं पुरतात. पण यादीत काटोलसोबत कामठी आणि कुहीही असतील, तर 'टो', 'ठी', 'ही' अशी वेगळी खूण ठरवा.

अटी अशा उतरवा:

म = ३
[कस], चौकटीत, कारण ही जोडी तुटत नाही
र … उ, मध्ये कितीही जागा
ह१ → उ६

शेवटच्या अटीखाली तिची उलटी बाजूही लगेच लिहा: उ६ नाही → ह१ नाही. सगळ्यात जास्त गुण इथे जातात. उमरेड शेवटचं आहे म्हणून हिंगणा पहिलं, असं ही अट कुठेच म्हणत नाही. बाण एकाच दिशेने जातो. 'आधी' आणि 'लगेच आधी' यांचा घोळ त्याच्या खालोखाल.

आता प्रश्नांकडे न जाता सगळ्यात आखडलेली अट शोधा. इथे ती [कस]. तिसरी जागा मौद्याने अडवल्यामुळे जोडी तीनच ठिकाणी बसते:

क स म _ _ _
_ _ म क स _
_ _ म _ क स

तिसऱ्या ओळीत सहावी जागा सावनेरकडे गेली, म्हणजे उ६ नाही, म्हणजे ह१ही नाही. उमरेड रामटेकच्या आधी येत नाही, म्हणून तिथे पहिलं रामटेकच. या तीन ओळींत मिळून फक्त आठ क्रम शक्य आहेत: पहिल्या दोन ओळींत तीन-तीन, तिसरीत दोन. ते आठही लिहीत बसू नका, तीन ओळी पुरे.

'हिंगणा पहिलं असेल तर चौथं कोणतं?' पहिल्या ओळीत पहिली जागा काटोलची, तिसरी ओळ बाद. राहिली मधली: ह र म क स उ. उत्तर काटोल. 'उमरेड चौथं असेल तर?' पहिल्या ओळीत त्याच्याआधी रामटेकला जागाच नाही, दुसरीत चौथी जागा काटोलची. म्हणून र ह म उ क स.

असा 'जर' प्रश्नापुरता असतो. तो मूळ आकृतीत भरलात तर पुढचे प्रश्न त्याच चुकीवर सुटतात. बाजूला नवी ओळ काढा. 'कोणतं शक्य आहे' या प्रश्नात आधी काढलेली एखादी ओळ पर्यायाशी जुळली, तर उत्तर तिथेच मिळतं.

गोल टेबलाच्या कोड्यात रेघांऐवजी वर्तुळ काढून टोकं मारा. माणसं केंद्राकडे तोंड करून असतील तर उजवा हात घड्याळाच्या उलट दिशेला येतो, बाहेर तोंड असेल तर घड्याळाच्या दिशेने. वर्तुळाशेजारी एक बाण काढून ठेवा. 'उजवीकडे तिसरा' मोजताना दिशा हमखास चुकते.

आकृतीने एखादा पर्याय तरी बाद केला नसेल, तर आयलेटमध्ये प्रश्न सोडून द्या, कारण चुकीला पाव गुण कापतात. एमएच-सीईटी लॉमध्ये चुकीला गुण कापत नाहीत, तिथे काहीही कोरं ठेवू नका.