टूर की स्वतःचं स्वतः? युरोपला निघण्याआधी हे ठरवायचं कसं

‘टूरने गेलात तर निर्धास्त, स्वतः गेलात तर स्वस्त.’ युरोपचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी ऐकवतंच. कृपा करून त्यावर विसंबू नका. टूरवाली सगळी शहरं तेवढ्याच दिवसांत स्वतः करायला गेलात, तर खर्च बहुतेकदा टूरपेक्षा जास्तच होतो, कारण हॉटेल आणि बसचे घाऊक दर तुम्हाला मिळत नाहीत. आणि टूरमध्येही तंगडतोड चुकत नाही. दोन्ही प्रकारे मी अनेकदा गेले आहे. हा निर्णय धाडसाचा नाही आणि फक्त पैशाचाही नाही. परदेशात तुमच्या वाट्याला मोकळे तास किती येणार, त्यावर तो घ्यायचा असतो.

पासपोर्ट, रजा आणि ढोबळ बजेट तयार आहे असं धरते.

पहिलं काम म्हणजे बरोबर येणाऱ्यांत सगळ्यात हळू कोण चालतं ते पाहायचं. आई-बाबा आहेत म्हणून टूर, असा हिशेब डोळे झाकून करू नका. रोज सहाचा गजर, साडेसातला बॅगा खाली, आणि बस शहराच्या मध्यात सहसा जात नाही. व्हेनिसला बस ट्रॉन्केटो या पार्किंगच्या बेटापर्यंत, पुढे बोट आणि पुलांच्या पायऱ्या. फ्लॉरेन्सलाही बस लांब थांबते आणि पुढे चालावं लागतं. एका गावात चार रात्री राहून दुपारी खोलीवर पडता येणं सत्तरीच्या माणसाला जास्त मानवतं. उलट, गुडघे ठीक आहेत पण स्टेशनवर बॅगा चढवायला कुणी तरुण माणूस नाही, अशा जोडप्याने टूरच घ्यावी.

व्हिसा या निर्णयात आणूच नका. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दोन्हीकडे तुमच्याच नावाचा लागतो. टूर कंपनी फाइल नीट लावून देते, पण व्हिसा मिळेल की नाही हे तिच्या हातात नसतं.

आता खरा अवघड टप्पा, म्हणजे टूरचा कार्यक्रम वाचणं. मी सगळ्यात जास्त अडखळले ते इथेच. छापील कार्यक्रमात प्रत्येक दिवस भरगच्च दिसतो आणि एकही वाक्य खोटं नसतं. म्हणून नकाशा उघडून, कागद-पेन घेऊन बसायचं.

मुंबईहून निघण्याचा आणि परतीचा दिवस आधी वजा करा. उरलेल्या प्रत्येक दिवसापुढे तीन गोष्टी लिहा: बसमध्ये किती तास, ठिकाणावर पायी किती तास, रात्र नक्की कुठे. पॅरिस ते लुसर्न रस्त्याने सहाशे किलोमीटरहून जास्त आहे. ‘निसर्गरम्य प्रवास करत स्वित्झर्लंडमध्ये प्रवेश’ असं लिहिलेला तो अख्खा दिवस बसमध्ये जातो. हेच अंतर रेल्वेने बासेलमार्गे साधारण चार-साडेचार तासांचं आहे.

बसबद्दल एक नियम माहीत असलाच पाहिजे. युरोपीय संघात चालकाला दिवसाला ९ तासच गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा १० तास. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची, आणि दोन दिवसांमध्ये साधारणपणे ११ तासांचा आराम. हे सगळं यंत्रात नोंदलं जातं, त्यामुळे टूर लीडरने कितीही गळ घातली तरी बस थांबते म्हणजे थांबते. याचा परिणाम तुमच्या संध्याकाळींवर होतो. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. सीनच्या काठाने चालावं अशी ती वेळ, आणि ग्रुप मात्र जेवण आटोपून गावाबाहेरच्या हॉटेलकडे निघालेला असतो. मला हे फार खटकतं.

मग शब्द तपासा. ‘पाहणार’, ‘भेट देणार’, ‘फोटो स्टॉप’, ‘पॅनोरमिक टूर’ या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. फोटो स्टॉप म्हणजे खाली उतरा, फोटो काढा, बसमध्ये या. पॅनोरमिक टूर म्हणजे बसमधूनच दर्शन. लूव्र आणि कोलोसियम आतून की बाहेरून? आयफेल टॉवर दुसऱ्या मजल्यापर्यंत की शिखरापर्यंत? सगळ्यात जास्त फसगत व्हॅटिकनला होते. सेंट पीटर्स बॅसिलिकात प्रवेश मोफत आहे. मायकेलअँजेलोचं छत असलेलं सिस्टीन चॅपल मात्र व्हॅटिकन म्युझियममध्ये येतं, त्याचं तिकीट वेगळं आणि रांगही वेगळी. कार्यक्रमात नुसतं ‘व्हॅटिकन’ लिहिलं असेल, तर सिस्टीन चॅपल धरू नका.

शेवटी हॉटेल. ‘व्हेनिस परिसर’ म्हणजे बरं नशीब असेल तर मेस्त्रे, जिथून व्हेनिस रेल्वेने दहा-बारा मिनिटांवर आहे. नाहीतर त्याच्याही पुढे कुठेतरी हायवेला लागून. याच टूरच्या आधीच्या ग्रुपची हॉटेलं मागा आणि जवळचं मेट्रो स्टेशन किती लांब ते नकाशावर बघा. चालत पंधरा मिनिटांत असेल, तर निदान संध्याकाळ तुमची राहते.

आता दोन्ही बेरजा करा. ठिकाणांवरचे तास बसमधल्या तासांपेक्षा कमी भरले तर ती टूर सोडा, कंपनी कितीही नावाजलेली असो.

याच्यासमोर ठेवायला स्वतःचा आराखडा बनवा, पण टूरची नक्कल करू नका. एका ठिकाणी तीन रात्रींपेक्षा कमी नको. दहा रात्री असतील तर पॅरिस तीन, लुसर्न चार, मिलानला गाडी बदलून रोम तीन. लुसर्नहून स्विस ट्रॅव्हल पासवर (स्वित्झर्लंडभर रेल्वे, बस आणि बोटीला चालणारा एकच पास) रिगी पर्वत फुकट होतो, टिटलिस शिखराला निम्मी सवलत मिळते आणि आईवडिलांबरोबरची १६ वर्षांखालची मुलं फॅमिली कार्डवर मोफत फिरतात. देश तीनच होतील. सहा देश हवेच असतील तर टूर घ्या, वाद नको.

खर्च मांडताना टूरच्या बाजूला जीएसटी, टिप, ऐच्छिक सहली आणि युरोमध्ये भरायच्या रकमेचा त्या दिवसाचा दर धरा. टीसीएस, म्हणजे टूरच्या रकमेवर कंपनी आगाऊ कापून घेते तो कर, मात्र खर्चात धरू नका. तो आयकरात वळता होतो. स्वतःच्या बाजूला हॉटेलात भरायचा शहर-कर लिहायला विसरू नका.

जेवणावरून टूर निवडणाऱ्यांना माझं एकच सांगणं: स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. स्वित्झर्लंडमधल्या मिग्रोस किंवा कोऑप या सुपरमार्केटांत तांदूळ, दही, भाज्या सगळं मिळतं, मेतकूट घरून न्या. जैन जेवण कटाक्षाने पाळणाऱ्यांनी मात्र खरोखर टूरच घ्यावी.

मधला मार्गही आहे. प्रवास स्वतःचा आणि व्हॅटिकनसारख्या ठिकाणी अर्ध्या दिवसापुरता स्थानिक गाइड. पहिल्यांदाच जाणाऱ्या, इंग्रजी जेमतेम बोलणाऱ्या कुटुंबालाही हे जमतं.

स्वतः जायचं ठरलं, तर आधी रद्द करता येणारी हॉटेलं, मग व्हिसाची अपॉइंटमेंट. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज सहा महिने आधीपासून घेतात. जिथे सर्वात जास्त रात्री, त्या देशाकडे तो करायचा. या आराखड्यात तो देश स्वित्झर्लंड.

टूर ठरली, तर आगाऊ रक्कम भरण्याआधी दोन गोष्टी ईमेलवर लेखी मागा: हॉटेलांची नावं, आणि प्रत्येक स्थळापुढे ‘आतून’ की ‘बाहेरून’. ‘फोनवर सांगतो’ असं उत्तर आलं तर पैसे भरू नका, दुसरी कंपनी बघा.