नाशिकच्या गोड्या पाण्यात छोटी मोटरबोट : घेण्याआधी आणि घेतल्यावर

छोट्या मोटरबोटीबद्दल जे सल्ले मिळतात ते बहुतेक समुद्रकाठच्या लोकांचे असतात. खाऱ्या पाण्यापासून मशीन कसं वाचवायचं, हाच त्यांचा मुख्य विषय. नाशिकला बोट गोड्या पाण्यात चालते. इथं मशीनचं नुकसान सगळ्यात जास्त होतं ते नुसतं पडून राहिल्याने. त्याखालोखाल गाळ आणि उन्हाळ्यात वर येणारे खडक. पुढचं सगळं मी याच अंगाने लिहितो आहे.

आधी परवानगीचं बघा, पैसे नंतर मोजा. यांत्रिक बोटीची नोंदणी २०२१ च्या इनलँड व्हेसल्स कायद्याखाली येते आणि धरणाचं पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतं. गंगापूरला बोट क्लब आहे, म्हणून आपलीही बोट तिथे सहज उतरेल असं धरून चालू नका. दारणा, मुकणे, गंगापूर, प्रत्येक धरणाचं वेगळं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. नांदूरमध्यमेश्वरचा तर विचारच नको. ते पक्षी अभयारण्य आहे, रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आणि हिवाळ्यात लांबून आलेल्या पक्ष्यांमध्ये मोटर घालणं मला मुळातच पटत नाही.

जुनी बोट घ्यायची तर ती बऱ्याचदा मुंबई-अलिबागकडून येते. रंग-पॉलिशवर भाळू नका. मागची फळी, जिच्यावर मशीन बसतं, ती मुठीने ठोकून बघा; आवाज बोदा आला तर आतलं लाकूड भिजलेलं असण्याची शक्यता मोठी. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, खाऱ्या हवेत केबल आतून धरते. मेस्त्रीला बरोबर नेऊन प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या. आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत असावेत. अशा बोटीला बहुधा झिंकचे अ‍ॅनोड लावलेले असतात, म्हणजे मशीनऐवजी स्वतः गंजणारे धातूचे तुकडे. गोड्या पाण्यात त्यांच्यावर थर धरतो आणि ते काम करेनासे होतात, मग गंज मशीनच्या अ‍ॅल्युमिनियमला लागतो. ते काढून मॅग्नेशियमचे लावा. खर्च किरकोळ आहे.

मशीन फोर-स्ट्रोकच घ्या, हा माझा आग्रह आहे. जुनं कार्ब्युरेटरवालं टू-स्ट्रोक हलकं आणि स्वस्त असतं, पण न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल ते पाण्यात सोडतं. गंगापूरचं पाणी नाशिक शहर पितं. टू-स्ट्रोक आधीपासूनच असेल तर ऑइलचं प्रमाण कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवा. बहुतेकांना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. ‘थोडं जास्त बरं’ म्हणून ओतू नका. टाकी काठावर, पाण्यापासून दूर भरा. आणखी एक गोष्ट: नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे आणि विरळ हवेत मशीनची ताकद थोडी कमी भरते. किनाऱ्यावर जमणारा पंखा (प्रोपेलर) इथे जड पडत असेल तर कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी पुढे ढकलणारा, लावा.

आता पडून राहण्याचं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल शोषतं. पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत राहिलं की पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, कार्ब्युरेटरची बारीक भोकं चिकटाने बुजतात. म्हणून मोठ्या सुट्टीआधी टाकी रिकामी करा आणि ते पेट्रोल दुसऱ्या कुठल्या तरी गाडीत वापरून टाका. कार्ब्युरेटरचं मशीन असेल तर पेट्रोलची नळी काढून ते बंद पडेपर्यंत चालवा. फ्युएल इंजेक्शन असेल तर हे करू नका, त्यात पंप कोरडा पडतो. तिथे पुस्तिकेत सांगितलेली पद्धतच धरा. पाणी वेगळं करणारा फिल्टर मात्र दोन्हींना हवा.

मशीन चालू झालं की आधी मशीनच्या मागून पडणारी थंडाव्याच्या पाण्याची धार बघायची. धार नसेल तर लगेच बंद करा. आतला पाणी ओढणारा रबरी इम्पेलर पाण्याशिवाय काही सेकंदांतही जळतो, त्यामुळे घरी ‘सुरू होतंय का’ म्हणून कोरडं स्टार्ट करू नका. हेडफोनसारखं दिसणारं रबरी फ्लशर मिळतं, ते मशीनच्या पाणी ओढायच्या जाळीवर बसवून नळाची पाइप जोडा. पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यात इम्पेलर लवकर झिजतो. दोन-तीन वर्षांनी तो बदलावाच, धार चांगली दिसत असली तरी.

गिअर ऑइल पावसाळ्याआधी बदला, दिवाळीपर्यंत थांबू नका. काढलेलं ऑइल दुधाळ दिसलं तर सील गळतं आहे आणि आत पाणी शिरलं आहे. ते पाणी तसंच चार महिने राहिलं तर बेअरिंगला गंज ठरलेला. सील बहुधा कापतं ते मासेमारीच्या जाळ्याच्या नायलॉनने; दोरा पंख्यामागे शाफ्टला गुंडाळला जातो आणि बाहेरून दिसत नाही. म्हणून मधूनमधून पंखा उतरवून बघा. लावताना कोटर पिन (नट सुटू न देणारी खीळ) नवी घाला.

मार्च ते जून पाणी झपाट्याने उतरतं. मागच्या महिन्यात जिथून बिनधास्त गेलात तिथे आता खडक हातभर खाली असतो. या दिवसांत वेग कमी ठेवा, उथळ पाण्यात मशीन थोडं वर उचला, आणि पंखा अ‍ॅल्युमिनियमचाच वापरा. आपटला तर पंखाच वाकतो. स्टीलचा असेल तर तो दणका थेट गिअरपर्यंत जाण्याची भीती असते. किल स्विचची (माणूस पडला तर मशीन बंद करणारी) दोरी मनगटाला आणि लाइफ जॅकेट अंगावर, पोहता येत असलं तरी.

धरणातून विसर्ग सुरू झाला, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागल्याच्या बातम्या यायला लागल्या, की बोट घरीच ठेवायची. ट्रेलरवर नाक वर, पाणी काढायचं बूच काढलेलं, मशीन उभं म्हणजे आतलं पाणी निथळतं. ताडपत्री बांधताना खालून वारा खेळू द्या, नाहीतर बुरशी धरते. बॅटरी काढून घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. ट्रेलरच्या बेअरिंगला ग्रीस याच वेळी भरा. उतारावर चाकं पाण्यात जातात आणि ग्रीस धुतलं जातं. सीझनच्या पहिल्या दिवशी बूच घट्ट लावा आणि काठाला बांधलेल्या बोटीत मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवा. धार, आवाज आणि बोटीचा तळ कोरडा आहे ना हे बघूनच दोर सोडा.